वाऱ्याचा हिशोब

बीडहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर असून दिशा जवळजवळ पश्चिमेची आहे. ताशी 150 किलोमीटर वेगाने उडणारे एखादे लहान विमान येथून निघाले, अशी कल्पना करू. हवा स्तब्ध असेल तर त्यास जाण्यास दोन आणि परतण्यास दोन, असे एकूण चार तास लागतील. आता पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा ताशी 50 किलोमीटर वेगाने वाहत आहे असे धरू. जाताना जे गमावले ते येताना परत मिळेल व हिशोब बरोबरीत सुटेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

जाताना विमान जमिनीच्या मानाने ताशी 100 किलोमीटरच पुढे सरकते; म्हणजे तीन तास. परतताना तेच ताशी 200 किलोमीटर जाते. म्हणजे दीड तास. एकूण साडेचार. तोटा एका तासाचा, लाभ अर्ध्या तासाचा. कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी. शंभराचा माल पन्नास टक्के उतरून पुन्हा पन्नास टक्के चढला, तरी पंचाहत्तरावरच थांबतो, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

विमानाला असे दोन वेग असतात. भोवतालच्या हवेच्या मानाने असलेला तो वायुवेग आणि जमिनीच्या मानाने असलेला तो भूवेग. गोदावरीच्या प्रवाहात होडी वल्हवणाऱ्याचे श्रम सारखेच असतात. परंतु काठावरील झाडे प्रवाहाबरोबर जाताना झरझर मागे पडतात, उलट जाताना रेंगाळतात. वैमानिकासमोरील वेगदर्शक काटा पंखाखालील एका लहान नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. तो केवळ वायुवेग सांगतो; जमिनीची त्यास वार्ता नसते.

गंतव्य स्थान गाठून देतो तो भूवेग. वरील विमानात अडीच तासांचे इंधन असेल, तर स्तब्ध हवेत मुंबई गाठून अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक राहील. त्या वाऱ्यात मात्र 250 किलोमीटरवर, सह्याद्री ओलांडताच कर्जतच्या आसपास, टाकी रिकामी होईल; आणि काटा अखेरपर्यंत 150 च दाखवीत राहील.

परंतु विमानास आकाशात तोलून धरतो तो वायुवेग. चार आसनी सेसना विमानाचा वायुवेग सरळ उड्डाणात ताशी सुमारे 90 किलोमीटरच्या खाली गेला, की पंखांचा आधार सुटू लागतो. पाठीमागून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल, तर जमीन ताशी 115 ने मागे सरत असतानाही वायुवेग केवळ 85 असतो. खाली पाहून वेग पुरेसा आहे असे मानणारा वैमानिक उतरण्यापूर्वी कमी उंचीवर याच भ्रमाने घात करून घेतो. म्हणूनच विमाने शक्यतो समोरच्या वाऱ्यात उतरतात; वायुवेग पुरेसा राहतो, भूवेग घटतो आणि धावपट्टी थोडी लागते.

जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी पस मॉथ या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूस टपाल आणले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. अशा उड्डाणात भूवेग काढण्याची रीत साधी असे. नकाशावरील एखादी नदी वा रेल्वेमार्ग ओलांडताच घड्याळ पाहावयाचे, पुढील खूण येताच पुन्हा पाहावयाचे आणि अंतरास वेळेने भागावयाचे. आज हे काम उपग्रहाच्या साह्याने यंत्र करते.

आपल्या समाजातील काही तरुण-तरुणी आता वैमानिक होऊ इच्छितात. धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथे त्याचे शिक्षण मिळते. त्यांनी हे दोन वेग दोन स्वतंत्र खात्यांप्रमाणे मांडावेत. उलाढाल मोठी दिसली म्हणून नफा झाला असे जाणता व्यापारी मानत नाही. त्याचप्रमाणे जमीन वेगाने मागे सरली म्हणून पंखाखाली पुरेसा वेग आहे, असे वैमानिकाने मानू नये.