पपायरस कापा, पण उपटू नका

काठची दलदल म्हणजे पडीक जमीन, हा समज युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या मुळावर आला आहे. तिथे माजलेला पपायरस गवतासारखा दिसतो खरा, पण तो आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचा भाऊबंद. दांडी तशीच तीनधारी, मात्र उंची चार-पाच मीटर आणि शेंड्याला हिरव्या झिपऱ्यांचा झुबका. त्याची आडवी खोडे एकमेकांत गुंतून पाण्यावर जाड तरंगता थर धरतात. त्याचे मोल कंपालात कळते. शहराचे सांडपाणी नाकिवुबो नाल्यातून त्याच नावाच्या दलदलीत उतरते, तिथून सरोवराच्या मर्चिसन उपसागरात जाते, आणि त्याच उपसागरातून गाबा येथे कंपालासाठी पिण्याचे पाणी उचलतात. मधे आडवी येते ती एवढी दलदलच. पाणी थराखालून संथ सरकते तेव्हा गाळ बसतो, मुळांवरचे जिवाणू घाण कुजवतात, नत्र आणि स्फुरद पपायरस वाढीसाठी ओढून घेतो. या फुकटच्या कामाची किंमत १९९९ मधील एका अभ्यासाने वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक धरली होती.

दलदल राखावी यावर पहिला आक्षेप पोटाचा, आणि तो खोटा नाही. दलदलीत चर खणून अळकुड्या लावणाऱ्या गरिबांना नुसते हुसकावणे हा अन्याय होईल. पण पपायरसही पोट भरतो: त्याच्या चटया होतात, छपरे शाकारली जातात. वरून कापला तर तो वर्षभरात पुन्हा उभा राहतो. पाणी काढून मुळासकट खणला की मात्र संपला. शिवाय कारखान्यांसाठी घातलेल्या भरावाला भुकेची सबब कशी चालेल? दुसरा आक्षेप असा की, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असताना दलदल कशाला? केंद्र हवेच, कारण दलदलीची ताकदही अमर्याद नाही. चरांतून पाणी धावत सुटले की गाळणे थांबते. परंतु कंपालातल्या बहुतेक घरांना गटारवाहिनीच नाही. त्यांच्या शौचखड्ड्यांतला पाझर आणि पावसाने धुऊन आणलेली घाण केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. ती उतारानेच सरोवराकडे जाते.

युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेने पाणथळ जागा जनतेच्या वतीने सांभाळण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. तेव्हा नवे भराव आधी थांबवावेत, कापणीचा हक्क काठच्या कुटुंबांना लेखी द्यावा, आणि चर बुजवून तिथे पपायरस पुन्हा लावण्याची मजुरीही त्यांनाच मिळावी.