नाचणारीची सही कुठे?

लखनौच्या जानकीपुरममध्ये मी राहते त्या घरात खालच्या मजल्यावरची मुलगी कथकच्या परीक्षेची तयारी करतेय. आमद, तोडा, तुकडा, परण, तिहाई. पायांच्या प्रत्येक बांधणीला नाव आहे, ते वहीत आहे आणि त्याला गुणही आहेत.

माझ्या आत्याची शाळा सुटली आणि पायांत चाळ आले. संगीतबारीत तिने बसवलेल्या लावण्या तिच्यानंतरच्या मुली नाचल्या. मागे एका शहरातल्या कार्यक्रमाच्या फलकावर तिचीच एक लावणी होती. ‘नृत्यदिग्दर्शन’ या शब्दाखाली नाव मात्र दुसऱ्याच बाईंचे. त्या तीन दिवस आत्याकडे बसून शिकून गेल्या होत्या. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “ही तर परंपरा आहे, ती कुणा एकीची नसते.”

परंपरा कुणा एकीची नसेल, तर फलकावर एकीचे नाव कसे आले?

नाव देणे हे साधे काम नाही. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती मालकी. याच लखनौत १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज तिथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. गळ्यातल्या बंदिशी त्यांनी कागदावर उतरवल्या. काम मोठेच होते, पण कागदावर उतरवणाऱ्याचे नाव इमारतीला लागते आणि कोठ्यावर ती कला जगवणाऱ्या तवायफा ‘बदनाम’ ठरतात. मद्रासेत १९३०च्या दशकात ‘सदिर’चे ‘भरतनाट्यम’ झाले. नाव बदलले आणि देवदासींच्या घरातला नाच ब्राह्मण घरांतल्या मुलींसाठी प्रतिष्ठित झाला.

आपल्याकडे बघा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, लावणीच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफत. शाहिराची सही शब्दांतच असते. त्या शब्दांना पाय दिले ते महार समाजातल्या पवळाबाई हिवरगावकरांनी. पायांनी सही कुठे करायची? विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देते. पुरस्काराला त्यांचे नाव आहे, पण त्यांची एकही अदा त्यांच्या नावाने कुठल्या अभ्यासक्रमात शिकवली जाते का?

कायदाही लेखणीच्याच बाजूने आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा नृत्यरचनेला नाट्यकृती मानतो, पण ती लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेली असेल तरच. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले, त्यांच्याकडेच लिखित पुरावा मागायचा!

आपलेच काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी तर पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारली होती, मग लावणीचे कौतुक कशाला? मी कौतुक करत नाही. जातीने पायांत बांधलेले चाळ सोडणे ही मुक्तीच आहे. आत्याने आपल्या मुलीला नाचू दिले नाही, याचा मला अभिमान आहे. पण आपण लाजेने नाच सोडायचा आणि त्यांनी तोच उचलून मानधन, पदवी, परदेश दौरे मिळवायचे, ही मुक्ती नव्हे. लाज आपल्या वाट्याला आणि श्रेय त्यांच्या, ही जुनीच वाटणी झाली.

एकेका गिरकीवर, मुरक्यावर कुणीच मालकी सांगू नये. प्रश्न आहे तो बसवलेल्या पूर्ण रचनेचा आणि ती बसवणारीच्या नावाचा.

आपण घरातले पहिले पदवीधर. लेखणी आता आपल्याही हातात आहे. घरी आजी, आत्या, मावशी नाचली असेल, आजोबा हलगी वाजवत असतील, तर त्यांच्याजवळ बसा. मोबाईलवर चित्रण करा, कायद्यातली ‘अन्य रीत’ तीच. कोणत्या हालचालीला त्या काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तारीख घाला, गाव घाला, आणि त्यांची हरकत नसेल तर पूर्ण नाव घाला. प्रबंधात त्यांना ‘माहितीदार क्रमांक चार’ करू नका.

मी सुरुवात केली आहे. आत्याने एका रचनेचे नाव सांगितले आणि विचारले, “हे लिहून काय होणार गं?”

आत्या, पुढच्या फलकावर तुझं नाव खोडावं लागेल. आजवर खोडायलाही नव्हतं.