गुडघा सुजलेल्या पोराची जोड लावू नका



चैत्र लागला की आमच्या केज तालुक्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात. हलगी कानावर पडली की माझेही पाय तिकडेच वळतात. म्हणूनच यात्रा कमिट्यांना आणि वस्तादांना हे पत्र लिहितो आहे. पोरांच्या गुडघ्यांची हेळसांड आपण मर्दुमकी म्हणून खपवतो. हे थांबलं पाहिजे.

एकोणीस वर्षांचा असताना अशाच एका फडात समोरच्याने माझा एकेरी पट धरला. डावा पाय त्याच्या हातात, उजवा मातीत रुतलेला, आणि अंग फिरलं. गुडघ्यात ‘कट्‌’ झालं, ते हलगीच्या आवाजातही मला ऐकू आलं. दिवस मावळायच्या आत गुडघा टम्म फुगला. जाणत्यांनी गरम तेलाने चोळला, ओढून पाहिला. महिन्याने सूज उतरली आणि मी पुन्हा लांग चढवली. पुढे तोच गुडघा दोनदा निसटला. आज मला पंगतीत मांडी घालता येत नाही, रानात उकिडवं बसून खुरपं चालवता येत नाही.

आवाज येऊन दोन-चार तासांत गुडघा सुजला, तर बहुतेक वेळा आतलं लिगामेंट तुटलेलं असतं. ते चोळून जुळत नाही. उलट पहिले दोन दिवस शेक आणि मालिश दोन्ही टाळायचे असतात. बर्फ लावायचा, पट्टी बांधायची, पाय उंचावर ठेवायचा. तुटक्या लिगामेंटवर कुस्ती धरली की गुडघा निसटतो आणि दर खेपेला हाडांमधली गादी फाटत जाते. हे मला फार उशिरा कळलं.

यावर कुणी बजरंग पुनियाचं उदाहरण देतं. टोकियोत त्याने दुखऱ्या गुडघ्यावरची पट्टी सोडून कांस्यपदकाची कुस्ती जिंकली, हे खरं. पण ते ऑलिम्पिक होतं, दिमतीला डॉक्टर होते, आणि निर्णय जाणत्या पैलवानाचा होता. आपल्याकडे पाचशे रुपयांच्या कुस्तीसाठी पंधरा वर्षांच्या पोराला लंगडत उतरवतात. उदाहरण घ्यायचं तर विनेश फोगटचं घ्या. २०१६ मध्ये रिओला गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर आली, शस्त्रक्रिया करून घेतली, नीट सावरली आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकली.

फडाच्या मातीबद्दल तर बोलायलाच हवं. तालमीतला हौद रोज खणतात, माती भुसभुशीत करतात, तेल-ताक-हळद घालतात. आपल्या जुन्या वस्तादांना पडणाऱ्या अंगाची काळजी होती. जत्रेत मात्र बाजारतळावरच्या टणक जमिनीवर दोन ट्रॉल्या माती पसरली की आखाडा तयार! वरचा थर सरकतो, खाली कडक जमीन लागते, पाय अडकतो आणि गुडघा पिळतो. जोडही नुसत्या नजरेने लावतात. सोयाबीनचं पोतं तोलायला गावात काटा आहे. त्याच काट्यावर पोरं तोलून जोडी लावायला काय हरकत आहे?

तालमीतही बघायला हवं. बारा वर्षांच्या पोराला पहिल्याच महिन्यात पाचशे बैठका कशाला? बैठक वाईट नाही, पण आकडा हळूहळू वाढवावा. नुसती मांडीची पुढची बाजू कमावून भागत नाही. मागचे स्नायू आणि कुल्लेही तितकेच बळकट लागतात. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का, एवढं वस्तादाने डोळ्यांनी बघितलं तरी कच्चा पाय आधीच ओळखू येतो.

पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक कांस्य आणलं. त्याचं नाव घेत आपल्या जिल्ह्यातली पोरं मातीत उतरतात. त्यांचे पाय सांभाळणं आपलं काम आहे.

यात्रा कमिट्यांना हात जोडून विनंती आहे. शेवटच्या कुस्तीच्या इनामातले थोडे पैसे बाजूला काढा. त्यातून आखाडा हातभर खोल खणून घ्या, बर्फ आणि पट्ट्या ठेवा, एक गाडी उभी ठेवा. गुडघा सुजलेला पोरगा कितीही हट्टाला पेटला तरी त्याची जोड लावू नका. त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि त्याच आठवड्यात न्या.

— एक जुना पैलवान,
युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड