बदल्यांची पळवाट सर्वच पक्षांच्या सोयीची

पोलीस सुधारणा एकाच पक्षाने अडवल्या, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. जनहित व प्रशासकीय निकड या नावाखाली मुदतपूर्व बदलीची मोकळीक त्याच दुरुस्तीत ठेवली गेली. पुढे भाजप-शिवसेना सत्तेवर आले, तरी ती तशीच राहिली. पुढाऱ्याला न जुमानणारा निरीक्षक मध्येच हलवला, तर गरीब तक्रारदाराने दाद कोणाकडे मागायची? अशा प्रत्येक बदलीची कारणे विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात घाला, अशी मागणी वाचकांनी आपापल्या आमदाराकडे करावी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.