बागेला शेकोटी, कोपीला काय?



निफाड भागात पारा ५ अंशांखाली उतरला की आपण द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो, पहाटे विहिरीचं पाणी सोडतो. मणी तडकू नयेत म्हणून एवढी धडपड! पण बांधापलीकडे पाचटाच्या कोपीत बीडकडची तोडणी टोळी लेकराबाळांसह कुडकुडत असते. आत शेकोटी करावी तर कोपी पेटायची भीती. मजुरी टनावर, म्हणून अंधारातच फडात उतरावं लागतं.

आमचं स्पष्ट मत आहे : कारखान्याने ताडपत्री व ब्लँकेटं द्यावीत, सभासदांनी अंगणात शेकोटीला सरपण द्यावं. कडाक्याच्या दिवसांत ऊस दोन तास उशिरा निघाला, तर कुणी कुरकुर करू नये. मणी जपणाऱ्या आपल्याला माणूस जपणं जड नाही.