वडिलांच्या कफलिंक

शर्टाच्या बाहीला लावायच्या एका बटणाने, म्हणजे कफलिंकने, एकाच खानदानातल्या बापाचा आणि नंतर मुलाचाही जीव घेतला, अशी गोष्ट मोटारींच्या शौकिनांत किती तरी वर्षे सांगितली जाते. आम्हाला ती पटत नाही. पण या बाप-लेकांची खरी हकीकत त्या गोष्टीपेक्षा जास्त विचारात पाडणारी आहे, म्हणून या महिन्यात ती वाचकांपुढे ठेवतो.

वडिलांचे नाव एलियट झबोरोव्स्की. जन्म १८५८ चा, अमेरिकेतला. पूर्वज पोलंडकडचे. ते स्वतःला काउंट, म्हणजे सरदार, म्हणवून घेत. ही पदवी कितपत खरी होती याबद्दल शंका घेणारे पुष्कळ आहेत, पण पैसा मात्र शंभर टक्के खरा होता. पत्नी मार्गारेट ही न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर घराण्यातली. या घराण्याने आधी जनावरांच्या कातड्यांच्या व्यापारात आणि मग मॅनहॅटनच्या जमिनीत अफाट दौलत कमावली होती. हे जोडपे इंग्लंडमध्ये मेल्टन मोब्रे येथे राहू लागले. तिथे घोडे आणि कोल्ह्यांची शिकार हा श्रीमंतांचा रोजचा उद्योग. त्यात मोटार आली आणि काउंटसाहेबांचे मन घोड्यावरून उडाले.

त्या काळी शर्यती गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर होत. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत एलियट मर्सिडीज घेऊन उतरले आणि पुढच्या गाड्यांत राहिले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९०३ रोजी, फ्रान्समधल्या नीसजवळच्या ला टुर्बीच्या चढावर त्यांची ६० हॉर्सपॉवरची गाडी वळणावर खडकाला धडकली आणि ते जागीच गेले. वेगाची कळ तेव्हा हाताने चालवावी लागे. बाहीची कफलिंक त्या कळीत अडकली आणि वेग आवरता आला नाही, अशी बोलवा उठली. ती आजतागायत चालू आहे.

आता जरा मागे जाऊ. याच चढावर १९०० साली विल्हेल्म बाउअर नावाचा चालक डाइमलर कंपनीच्या गाडीत असाच खडकावर आदळून मेला होता. ती गाडी उंच, आखूड आणि पुढून जड होती. त्यानंतर कंपनीचे बडे गिऱ्हाईक एमिल येलिनेक यांनी ठासून मागणी केली, की गाडी बुटकी, लांब आणि जमिनीला धरून चालणारी हवी. अशी गाडी तयार झाली आणि तिला येलिनेक यांच्या छोट्या मुलीचे नाव दिले गेले, मर्सिडीज. म्हणजे एका मृत्यूतून शिकून गाडी सुधारली, पण तिच्यात ताकदही वाढवली. चढ तोच, वळणे तीच, डोक्यावर हेल्मेट नाही, पट्टा नाही, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. एवढे सगळे समोर असताना दोष बटणाला देणे सोयीचे होते. बटणाला दोष दिला की शर्यत भरवणारा, गाडी बनवणारा आणि ती चालवणारा असे तिघेही सुटतात.

घरी मुलगा लुई आठ वर्षांचा होता. १९११ मध्ये आईही गेली. सोळाव्या वर्षी हा यतीम मुलगा सुमारे १ कोटी १० लाख पौंडांचा आणि मॅनहॅटनमधल्या सात एकर जमिनीचा मालक झाला. यतीमाचा माल जपावा, हे आपल्या घराघरांत लहानपणापासून कानावर पडते. लुईचा माल नीट जपला गेला. खुद्द लुईला "बेटा, आता पुरे" म्हणणारे वडीलधारे माणूस मात्र घरात उरले नव्हते.

कँटरबरीजवळच्या हायम पार्क या आपल्या वाड्यात त्याने मोटारींचा कारखानाच थाटला. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने पडून होती. लुईने इंजिनिअर क्लाइव्ह गॅलप यांच्या मदतीने २३ लिटरचे मेबाक इंजिन मर्सिडीजच्या सांगाड्यावर बसवले. हीच 'चिटी बँग बँग'. १९२१ मध्ये ब्रुकलँड्सच्या मैदानावर तिने ताशी १०० मैलांच्या वेगाने शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी तिथेच ती घसरली. लुई बचावला, पण वेळेची नोंद ठेवणाऱ्या एका माणसाची तीन बोटे गेली. अशा हकीकतींत मालकाचे नाव राहते, बोटे गमावणाऱ्याचे राहत नाही, हे आम्हाला नेहमी खटकते.

लुई स्वभावाने दिलदार होता, हेही सांगायला हवे. अ‍ॅस्टन मार्टिन ही कंपनी अगदी लहान असताना तिला त्याने पैसा पुरवला आणि १९२२ ची फ्रेंच ग्रां प्री तिच्याच गाडीतून धावला. त्याच वर्षी पत्नी व्हायलेट आणि मित्रांना घेऊन, दुसरी 'चिटी' चालवत सहारा वाळवंटाची सफर करून आला. १९२३ मध्ये तो अमेरिकेत इंडियानापोलिसला बुगाटी घेऊन उतरला.

१९२४ मध्ये तो मर्सिडीजच्या चमूत दाखल झाला. ज्या गाडीत वडील गेले, तीच कंपनी. १९ ऑक्टोबरला इटलीत मोंझा येथे लेस्मोच्या वळणावर गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. लुई २९ वर्षांचा होता. शेजारी बसलेला मेकॅनिक वाचला. कंपनीने आपल्या उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या. त्या दिवशी लुईच्या बाहीला वडिलांच्याच कफलिंक होत्या, असे म्हणतात. असतीलही. मुलाने वडिलांची निशाणी अंगावर घालावी यात अपशकुन कसला? आठव्या वर्षी वडील गमावलेल्या मुलाला त्यांच्या जवळ असल्यासारखे वाटायला दुसरे काय करता येणार होते?

त्याची २७ लिटरची आणखी एक गाडी जे. जी. पॅरी-थॉमस यांनी विकत घेतली, तिचे नाव 'बॅब्स' ठेवले आणि १९२६ मध्ये तिच्यातून वेगाचा जागतिक विक्रम केला. १९२७ च्या मार्चमध्ये वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर तिच्यातच त्यांचा अंत झाला. लोकांनी ती गाडी वाळूत पुरली. १९६९ मध्ये ती पुन्हा उकरून काढण्यात आली.

'चिटी'चे नाव इयन फ्लेमिंग यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकामुळे आणि १९६८ च्या सिनेमामुळे पोरांच्या तोंडी राहिले. लुईला छोट्या आगगाड्यांचाही शौक होता. मृत्यूच्या थोडे आधी त्याने आणि कॅप्टन हाउई यांनी १५ इंच रुंदीच्या रुळांसाठी दोन वाफेच्या इंजिनांची ऑर्डर दिली होती. हाउई यांनी १९२७ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर ती रेल्वे सुरू केली. ती इंजिने आजही मुलाबाळांना घेऊन रॉम्नी ते हाइथ धावतात.