‘पडीक’ : कोणाच्या हिशेबाने?

सरकारी भाषेतील काही शब्द दिसायला अगदी निरुपद्रवी असतात, पण त्यांच्या एका फटकाऱ्यासरशी गावेच्या गावे पुसली जातात. ‘पडीक’ हा असाच एक शब्द. १९६१ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या साठ वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. या पसरण्यात बागायतीला काय भाव मिळाला यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण माळ, गायरान, टेकडीचा उतार आणि सातबाऱ्यावरचा पोटखराबा यांच्यासाठी फारसे कोणी भांडले नाही. ती जमीन पडीकच होती ना! पडीकाचा काय मोबदला मागायचा?

हा शब्द आला कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दख्खनच्या जमिनीची मोजणी हाती घेतली. प्रिंगलची पहिली मोजणी फसली, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. या पद्धतीला जमिनीविषयी एकच प्रश्न पडत असे : हिच्यावर सारा किती बसवता येईल? ज्या जमिनीतून सारा निघत नाही, ती निकामी. तिच्यावर काय उगवते, कोणाची गुरे चरतात, दुष्काळात कोण कोणता कंद उकरून खातो, याला वहीत रकाना नव्हता. इंग्रज गेले, सारा नाममात्र झाला. पण ती वही आजही आमच्या तहसील कचेऱ्यांतून सुखाने नांदते आहे. साम्राज्यशाहीने महसुलासाठी घडवलेला शब्द स्वतंत्र भारतातील सरकारने कारखानदारासाठी वापरावा, यापरता मोठा वारसा तो कोणता!

आता या ‘निकाम्या’ जमिनीवर काय आहे ते पाहू. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला पुण्यापर्यंत येईतो तो सातशेच्या आसपास उतरतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा या उतरणीच्या पूर्वेकडच्या कडेला, सह्याद्री व कोरडे पठार यांच्या सांध्यावर आहे. काळ्या कातळावर वीतभर माती, चार महिने ओल आणि आठ महिने होरपळ. येथे घनदाट अरण्य होत नाही. येथे माळच होतो. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते, त्यांच्यामध्ये विखुरलेली काटेरी झुडपे आणि मातीखाली दडलेले कंद, अशी ही निसर्गाची स्वतंत्र आणि पुरातन मांडणी आहे. जंगल तोडून उरलेला तो उकिरडा नव्हे.

या मांडणीत अशी झाडे-झुडपे आहेत की जी जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाहीत. कंदीलपुष्पाचे उदाहरण घ्या. काही ठिकाणी लोक त्याला खरपुडी म्हणतात. त्याचे फूल कंदिलासारखे; आत शिरलेली बारीक माशी नळीतल्या केसांमुळे अडकून पडते, केस सुकले की सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. या कुळातील कित्येक जाती केवळ सह्याद्रीत आणि त्याच्या फाट्यांवर आढळतात. त्यांतील एक सिंहगडाच्या परिसरात सापडते, तर एक जुन्नरच्या डोंगरांतून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्राला प्रथम ठाऊक झाली. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेला नारायणगाव गाठले आणि जुन्नरकडे वळले की शिवनेरीचा कडा दिसतो. त्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची मांसल वनस्पती आहे. १८६० च्या दशकात डॅलझेल या वनाधिकाऱ्याने तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला चिकटवले. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणे सोडली तर साऱ्या पृथ्वीवर ती कोठेही रानटी अवस्थेत वाढत नाही. जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आले होते. ती आजवर टिकली, याचे कारण कड्यावर भूखंड पाडता येत नाहीत. माळावर पाडता येतात, आणि म्हणून माळावरच्या तिच्या भाईबंदांचे काय झाले याचा पत्ताही कोणाला नाही.

पत्ता का नाही? कारण कायद्याची दृष्टीच तशी घडवलेली आहे. आपल्याकडे नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात अशी तरतूद झाली की तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावीत. उत्तम! पण गवताचे वय कसे मोजणार? मातीखालच्या कंदाचा बुंधा कोठून आणणार? या कायद्याच्या लेखी जे उंच ते झाड, आणि जे झाड नाही ते नाहीच. त्यावर कडी म्हणजे वृक्षारोपणाचे सोहळे. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यात पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. मोकळी जागा कोठे मिळणार? पुन्हा त्याच ‘पडीक’ टेकड्यांवर! पुण्याच्या टेकड्यांवर यापूर्वी गिरिपुष्प लावून झालेच आहे. त्या परदेशी झाडाच्या दाट सावलीत उन्हाची सवय असलेले गवत आणि कंद गुदमरतात. म्हणजे माळाचा एक तुकडा कारखान्यासाठी गेला, तर त्याच्या प्रायश्चित्तादाखल दुसरा तुकडा झाडे लावून मारायचा, असा हा दुहेरी न्याय आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. औद्योगिक प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी देण्यापूर्वी जो परिणाम-अभ्यास करावा लागतो, त्यासाठी बहुतेक वेळा एका हंगामाची निरीक्षणे पुरेशी मानली जातात, आणि तो हंगाम पावसाळ्याखेरीजचा असतो. आमच्या माळावरील बहुसंख्य कंदवर्गीय वनस्पती जूनमध्ये उगवतात, फुलतात आणि ऑक्टोबर संपता संपता जमिनीखाली गडप होतात. फेब्रुवारीत वही घेऊन आलेल्या सल्लागाराला तेथे वाळके गवत दिसणार आणि तो अहवालात लिहिणार की येथे दखल घेण्याजोगी वनस्पती नाही. रात्रपाळीचे कामगार मोजायला दुपारी बारा वाजता कारखान्यात जावे आणि ‘येथे रात्रपाळी नाही’ असा दाखला द्यावा, त्यातला हा प्रकार!

आपल्याच काही साथींचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, तरुणांच्या हाताला काम नाही आणि तुम्ही गवतफुलांच्या गोष्टी काय सांगता? ही सुखवस्तू मंडळींची रविवारची करमणूक आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. कारखाने नकोत असे येथे कोणी म्हणत नाही. पण वाटप होऊनही वर्षानुवर्षे बांधकाम न झालेले भूखंड औद्योगिक वसाहतींत असताना नवा माळ मागितला जातो, तेव्हा ती मागणी रोजगाराची नसून जमिनीच्या किमतीची असते. आणि जो रोजगार मिळतो तो कोणता? कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांच्या बळावर येथील किती काम चालते, हे चाकणच्या कोणत्याही दरवाजावर पाळी सुटताना उभे राहून विचारावे. ज्याचे नाव कायम हजेरीपटावर नाही तो कामगार हिशेबात नाही. ज्याचे नाव पाहणीच्या अहवालात नाही ते झुडूप अस्तित्वात नाही. हिशेबातून वगळून फुकटात वापरणे, ही एकच रीत दोन्हीकडे चालू आहे. एकीविरुद्ध लढणाऱ्याने दुसरीकडे डोळेझाक करणे हा विचारांचा दुबळेपणा आहे.

आणि या मातीतून कामगाराच्या पदरात काही पडत नाही, असे तरी कोणी म्हणावे? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्याच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्याला पिंपरीचे नाव मिळाले आणि त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवरील हॅमायसिन हे औषध निघाले. भारतीय सार्वजनिक संस्थेने शोधलेले हे पहिले प्रतिजैविक. ज्या मातीला मामलेदाराने खराबा म्हटले असते, तिच्यात हे धन होते. ते हाती लागले, कारण शोधणारे लोकांच्या पैशाने लोकांसाठी शोधत होते. ज्याचा कोणी शोधच घेतला नाही आणि ज्याच्यावर काँक्रीट ओतले गेले, त्यात काय होते हे आता कोण सांगणार?

माळ वाचवायचा म्हणजे माणसांना हाकलून कुंपण घालायचे, असाही एक मार्ग सुचवला जातो. तोही आपला नव्हे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत साताऱ्याचे कास पठार होते. तेथे तिकीट आले, कुंपण आले, गुरे बाहेर गेली. मग ग्रामस्थ आणि अभ्यासक दोघांनीही आक्षेप घेतले आणि काही वर्षांनी कुंपण काढावे लागले. गवताळ माळ हा चरणाऱ्या जनावरांच्या सोबतीनेच घडलेला असतो. धनगर, ठाकर, गुराखी पोरे हे त्याचे शत्रू नव्हेत, तर त्याचे जाणकार आहेत. गायराने आणि गावकीच्या जमिनी बळकावण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट निकाल दिला. त्या निकालाचा बडगा गरिबाच्या झोपडीवर तेवढा उगारायचा आणि बड्या प्रकल्पापुढे तो गुंडाळून ठेवायचा, हे आपण चालू देता कामा नये.

हत्यार मुळीच नाही असे नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. कायद्याला सतरा वर्षे झाली तरी असंख्य गावांत नोंदवहीचा पत्ता नव्हता. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दरमहा दहा लाख रुपयांच्या दंडाची धमकी दिली, तेव्हा देशभर वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षाही काढून टाकली. तरीही ती वही गावाच्या नावाची आहे. इंग्रजाच्या वहीला उत्तर द्यायचे तर ते याच वहीने देता येईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जून ते ऑक्टोबर या काळात वनस्पतींची पाहणी झाल्याशिवाय माळ, टेकडी वा गायरान यांचे संपादन होऊ नये. रिकाम्या भूखंडांची यादी आधी जाहीर व्हावी आणि नवी जमीन त्यानंतर मागावी. गवताळ टेकड्यांवरील वृक्षारोपण थांबावे. नोंदवही ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, आणि ज्यांनी माळावर आयुष्य काढले त्या स्त्री-पुरुषांकडून ती दुरुस्त करून घ्यावी.

खेड, मावळ आणि हवेलीतील साथींनी येत्या पावसाळ्यात एवढे करावे : ग्रामपंचायतीत जावे, जैवविविधता नोंदवही मागावी, आणि ती घेऊन गावातल्या एखाद्या वृद्ध गुराख्यासह माळावर जावे. वहीत काय नाही हे तो सांगेल, ते तेथेच लिहून घ्यावे. पुढची अधिसूचना आली की त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तो कागद ठेवावा.